उखर्डूचं थांबलेलं पाणी

गावात घड्याळ आलं नव्हतं, पण बंधारा तेव्हाही जुनाच होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही.

घोंगड्या अंगावर घ्या आणि जवळ सरका. ही गोष्ट दरवर्षी माझा थोरला भाऊ सांगायचा. यंदा तो नाही, म्हणून मी सांगतो. मला त्याच्यासारखं सांगता येत नाही. चुकलो तर टोका.

खानदेशात, डोंगर संपतात आणि सपाटी सुरू होते तिथे हे धामणदर गाव. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाच्या पाण्यावर शेतांचे दोन मोठे पट्टे. त्या पट्ट्यांना फड म्हणतात. वरच्या आळीचा वरचा फड, खालच्या आळीचा खालचा फड. पाटातून फडात पाणी सोडायचं जे दार असतं, ती बारी. पाणी एकच आणि फड दोन, म्हणून पाळ्या लावलेल्या. दिवसा खांबाच्या सावलीवर पाळी बदलायची. रात्री चांदण्यांवर.

चांदण्या बघून बाऱ्या उघडायच्या आणि बंद करायच्या, हे काम पाटकऱ्याचं. त्या वेळी पाटकरी होता सुपडू. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून हा झाला तेव्हा त्याला सुपात घालून हलवलं आणि नाव ठेवलं सुपडू. चार वर्षांनी धाकटा झाला. त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू. दोघेही जगले. आई म्हणायची, देवाला माझी ही दोन पोरं टाकाऊ वाटली, बरं झालं.

सुपडूला सगळं आकाश पाठ होतं. असं म्हणतात, झोपेत कूस बदलली तरी तो सांगायचा, आता मघा डोंगरावर आली असेल. उखर्डूला आकाशातलं काही येत नव्हतं. सुपडूला आकाश ठाऊक होतं आणि उखर्डूला फक्त सुपडू ठाऊक होता. तो भावाच्या मागे मागे फावडं घेऊन चालायचा, मधेच गाणं म्हणायचा, मधेच पाटात उडी मारायचा. सुपडू बोट वर करून म्हणायचा, "बघ, ती रोहिणी." उखर्डू म्हणायचा, "तू बघतोयस ना? मग झालं."

एका माघात सुपडूला ताप आला. गव्हाच्या ओंब्या भरायची वेळ होती, पाणी चुकवून चालत नव्हतं. तीन रात्री तो तापातच बाऱ्या फिरवत राहिला. चौथ्या रात्री, चंद्र नसलेल्या अंधारात, तो बंधाऱ्यावर घोंगडी टाकून आडवा झाला आणि भावाला म्हणाला, "तिकडे खिंडीत बघत राहा. चित्रा वर आली की मला उठव. चित्रा आली की वरच्या फडाची पाळी संपते आणि खालच्या फडाची सुरू होते. चित्रा म्हणजे पांढरी, ठळक, एकटी."

उखर्डू बघत बसला. खिंडीत एक चांदणी वर आली. पांढरी, ठळक, एकटी. त्याने भावाला हलवलं.

"भाऊ, ऊठ. चित्रा आली."

"नीट बघितलीस?"

"अरे, एवढी मोठी आहे! आंधळ्यालाही दिसेल."

सुपडू उठला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि गेला. त्याने वर बघितलं नाही. धाकट्याने सांगितलं होतं, म्हणून बघितलं नाही.

वरच्या बारीवर तोताराम उभा होता. त्याचा गहू सगळ्यात शेवटी भिजायचा. त्याचे दोन वाफे अजून कोरडे होते.

"सुपडूभाऊ, अजून चित्रा आली नाही," तोताराम म्हणाला.

"आली. माझ्या भावाने बघितली."

"तुझा भाऊ? त्याला उगवती-मावळती तरी कळते का?"

सुपडूला भावाविषयी बोललेलं सहन व्हायचं नाही. तो वाकला आणि बारीची फळी बसवू लागला. तोतारामने फळी धरली. दोघांनी ओढली. दगडांवर शेवाळ होतं. तोतारामने एक धक्का दिला, असा काही मोठा नाही, बैलाला बाजूला सारावं तेवढा. सुपडू पाठीवर पडला आणि त्याचं डोकं बारीच्या दगडावर आदळलं.

आवाज ऐकून उखर्डू धावत आला. सुपडू उताणा पडला होता, डोळे उघडे. आता त्याला वर बघावंच लागत होतं. खिंडीत दुसरी चांदणी नुकतीच निघत होती.

"उखर्डू," तो म्हणाला, "चित्रा आत्ता येतेय."

पहाट व्हायच्या आत तो गेला.

आधी उगवला होता तो गुरू. तारे एकमेकांना धरून असतात, गुरू त्यांच्यातून फिरत असतो. त्या साली तो फिरत फिरत चित्रेच्या अलीकडे येऊन थांबला होता आणि दीड घटका आधी उगवत होता. सुपडूला हे ठाऊक होतं. तापात सांगायचं राहून गेलं.

गाव म्हणालं, तोतारामने मारलं. खालच्या आळीने काठ्या काढल्या, वरच्या आळीने दारं लावून घेतली. उखर्डू दहा दिवस कोणाशी बोलला नाही. तो नुसता गप्प राहिला असता तरी सगळा दोष तोतारामवर जाऊन बसला असता.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला. कावळे आले, झाडावर बसले, पण कुणी खाली उतरेना. मेलेल्याचं मन कशात तरी अडकलं असलं की कावळा शिवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. खालच्या आळीतला एकजण पुढे होऊन म्हणाला, "सुपडू, त्या तोतारामला आम्ही सोडणार नाही." कावळा हलला नाही. दुसरा म्हणाला, "तुझ्या बायकोला काही कमी पडू देणार नाही." नाही. आई म्हणाली, "मी रडणार नाही रे, जा." तरी नाही. सूर्य डोक्यावर आला.

माझा भाऊ इथे जरा थांबायचा, खाकरायचा, मग पुढे सांगायचा. मला थांबायचं नाही. थांबलो तर पुढे जाता येणार नाही.

उखर्डू एकदम उठला. विचार करून उठला असं नाही, त्याच्याने बसवेना. सगळ्या गावासमोर तो ओरडला, "भाऊ, तोतारामचं बरोबर होतं! मी चुकीची चांदणी सांगितली. माझ्यामुळे गेलास तू. आता ऐक. या गावातल्या एकूण एक माणसाला मी तुझं आकाश शिकवीन. एकूण एक. परत कुणी एकाच्या सांगण्यावर अंधारात जाणार नाही."

असं म्हणतात, त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

बोलून तर बसला, पण त्याला स्वतःला कुठे काय येत होतं? शाळेत तो एक पावसाळा गेला होता, तोही गळक्या छपराखाली. त्याने बंधाऱ्यावर झोपडी बांधली आणि तिथेच राहायला लागला. डोंगरावरच्या धनगरांकडे गेला, त्यांनी त्याला तिकांडं दाखवलं, मृगातल्या त्या तीन चांदण्या. नदीतल्या भोयांकडे गेला, त्यांनी भाद्रपदात दक्षिणेला निघणारा अगस्ती दाखवला. पहाटे उठणाऱ्या बायांनी कृत्तिकांचा पुंजका दाखवला. बाकीचं त्याने भावाच्या बोलण्यातून आठवून काढलं. बोलणं अर्धंच ऐकलेलं, म्हणून अर्धंच आठवायचं. मग तो बंधाऱ्यावर एकटा बसून मोठ्याने म्हणायचा, "पुढे काय म्हणाला होतास? रोहिणी, मग काय?"

बंधाऱ्याच्या फरशीवर तो पांढरे खडे मांडायचा. आकाशात जिथे तारा, तिथे खडा. रोज बघायचा आणि जुळवायचा. असं म्हणतात, त्याने नऊशे खडे मांडले आणि ते सगळे जिथल्या तिथे राहिले. फक्त चार-पाच खडे राहीनात, सारखे सरकवावे लागायचे. त्यातला एक होता गुरू. त्याला पूर्ण फेरी मारून त्याच जागी यायला बारा वर्षं लागतात, हे उखर्डूला कुणी सांगितलं नाही. ते त्याला त्या एका खड्याने सांगितलं. म्हणजे बारा वर्षांनी तीच चूक पुन्हा खिंडीतून वर येणार होती.

मग त्याने शिकवणी सुरू केली. दवंडी देणारा तोच आणि शिकवणारा तोच. दोन्ही आळ्यांतून फिरून सांगायचा, "दिवेलागणीला बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर या. आकाश शिकवतो. कुणीही या, काही आणू नका." कुणी आलं नाही. खालची आळी त्याच्यावर रागावली होती, कारण त्याने सगळ्यांदेखत शत्रूला सोडवलं होतं. वरच्या आळीला तो खालचा वाटायचा. आणि ज्याने चुकीची चांदणी सांगून भाऊ घालवला, त्याच्याकडून चांदण्या कोण शिकणार?

दिवेलागण झाली की उखर्डू उभा राहायचा. समोर चौदा पायऱ्या, सगळ्या रिकाम्या. तो म्हणायचा, "बसा. मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. आज मृग नक्षत्र." आणि शिकवायचा. पूर्ण शिकवायचा, एकही चांदणी न गाळता. शेवटी विचारायचा, "काही शंका?" थोडा वेळ थांबायचा. पाण्याचा आवाज यायचा. मग म्हणायचा, "नीट जा घरी. वाटेत अंधार आहे."

पाटावरून जाणारे हसायचे. एकजण एकदा ओरडला, "उखर्डू, आज किती आले?" उखर्डू म्हणाला, "तू उभा आहेस तेवढा एक धर." तो पळाला.

असे दोन हिवाळे गेले. असं म्हणतात, त्या दोन हिवाळ्यांत पायऱ्यांचे दगड ऐकून ऐकून शहाणे झाले, आणि अजूनही रात्री त्यांच्यावर हात ठेवला तर ते पूर्वेच्या बाजूला आधी गार लागतात.

तिसऱ्या हिवाळ्यात एक बाई आली आणि सगळ्यात खालच्या पायरीवर पाठ करून बसली. सुपडूची बायको अनसूया. दोन वर्षं ती दिराशी एक शब्द बोलली नव्हती.

"वहिनी..." उखर्डू म्हणाला.

"वहिनी म्हणून आले नाही. शिकायला आले. तुमच्या भावाने मला कधी शिकवलं नाही. म्हणायचे, तू झोप, मी आहे ना. आता कोण आहे?"

उखर्डूने पूर्वेकडे बोट केलं.

"आणि चुकीचं सांगितलंत, भावजी, तर मी उठून जाईन."

चौथ्याच दिवशी ती मान न वळवता म्हणाली, "ही आर्द्रा नव्हे. आर्द्रा तांबूस असते, तुम्हीच म्हणालात काल." उखर्डूने बघितलं. तिचं बरोबर होतं. तो घाबरला, आता ही जाणार. पण ती गेली नाही. म्हणाली, "पुढचं सांगा." त्या दिवसापासून त्याने नियम केला. शिकवणाऱ्याने चांदणी दाखवली की बाकीच्यांनी नुसती मान डोलवायची नाही. वर बघायचं, आणि चुकीचं वाटलं तर तोंडावर सांगायचं. बाई असो, म्हातारा असो, शेत असलेला असो की नसलेला.

अनसूयेने दळायला उठणाऱ्या बाया आणल्या. बाया कुठे जातात ते बघायला त्यांचे नवरे आले. नवऱ्यांना शोधत म्हातारे आले. एका संध्याकाळी उखर्डू उत्तरेकडे बोट करून म्हणाला, "हे सप्तर्षी." वरच्या आळीतला आनाबाबा उठला. त्याला पाच दात होते आणि आवाज ढोलासारखा.

"कसले ऋषी? ती खाट आहे! म्हातारीची खाट. मागे तीन चोर लागलेत, खाट पळवायला. माझ्या आजाने सांगितलंय."

"आजाने बरोबर सांगितलंय, बाबा," उखर्डू म्हणाला. "पण इतकी वर्षं ओढतायत, मग खाट त्यांच्या हाती का लागली नाही?"

"म्हातारी जड असेल!"

"तुमच्या घरच्यासारखी?" खालच्या आळीतून कुणीतरी म्हणालं, आणि दोन्ही आळ्या एकदम हसल्या. सुपडू गेल्यापासून त्या एका वेळी हसल्या नव्हत्या. उखर्डू हसला नाही. तो पायऱ्या मोजत होता. चौदाही भरल्या होत्या.

मग गावाने ठरवलं, रात्रीची बारी एकट्याच्या सांगण्यावर फिरवायची नाही. वरच्या फडाचा एक, खालच्या फडाचा एक आणि ज्याला शेतच नाही असा एक, अशा तिघांनी वर बघून एकच चांदणी सांगितली तरच फळी हलवायची. बारा वर्षांनी गुरू पुन्हा चित्रेच्या अलीकडे येऊन उभा राहिला, तेव्हा बारीवर तिघे होते आणि मागे सगळं गाव. खिंडीतून पांढरी, ठळक, एकटी चांदणी वर आली. कुणी फळीला हात लावला नाही. दीड घटका सगळे थंडीत उभे राहिले. मग चित्रा आली आणि फळी हलली. लोक घरी जाऊन झोपले. उखर्डू रात्रभर बारीच्या त्या दगडाशेजारी बसून होता, म्हणतात.

गाव म्हणालं, उखर्डूचा शब्द पुरा झाला. उखर्डू म्हणाला, "नाही झाला. एकजण राहिलाय."

तो एकजण तोताराम. त्या रात्रीनंतर त्याने मान वर केली नव्हती. उखर्डूने सगळ्यांसमोर त्याला मोकळं केलं, गावाने त्याला परत पंगतीला बसवलं, पण तो खाली बघून जेवायचा, खाली बघून चालायचा आणि रात्र झाली की घरात जाऊन बसायचा. दरवर्षी माघात उखर्डू त्याच्या दारात जायचा.

"तोतारामभाऊ, शिकवणी आहे. येता का?"

"नाही."

"बरं. पुढच्या माघात येतो."

"नको येऊस."

एका वर्षी सून बाहेर येऊन म्हणाली, "मामंजी झोपलेत." आतून आवाज आला, "झोपलो नाही. नाही म्हणून सांग त्याला."

पंचक्रोशीतून माणसं येऊ लागली. बैलगाड्या सोडून लोक बंधाऱ्यावर उतरायचे, आकाश ऐकायचे आणि जायचे. असं म्हणतात, उखर्डूने बोट केलं की त्या बाजूचा ढग सरकायचा. पण सगळे गेल्यावर तो झोपडीत एकटाच असायचा. त्याने लग्न केलं नाही. पाटकऱ्याचं काम त्याला तीनदा देऊ केलं, त्याने बारीला हात लावला नाही. जेवायला दोन पानं मांडायचा, असंही म्हणतात, पण माझा भाऊ म्हणायचा की हे लोकांनी मागून जोडलं.

गुरू दुसऱ्यांदा फिरून आला. तिसऱ्यांदा फिरून आला. छत्तीस वर्षं झाली. उखर्डूचे डोळे अधू झाले, अनसूयेचे केस पांढरे झाले, आनाबाबा कधीच गेला होता. माघाची अमावास्या होती. पायऱ्या भरल्या होत्या. आणि पाटाच्या कडेने एक म्हातारा काठी टेकत आला, कमरेतून नाही, मानेतून वाकलेला. लोक बाजूला झाले.

तोताराम उखर्डूसमोर येऊन थांबला. "शिकव," म्हणाला.

"वर बघा, तोतारामभाऊ."

"बघता येत नाही रे. छत्तीस वर्षं खाली घातलेली मान. हाडं धरली. आता ती वर होत नाही." मग म्हणाला, "मी ढकललं होतं त्याला."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

"तू सांगितलंस. पण ढकललं मी."

दोन म्हातारे तसेच उभे होते. उखर्डूने पाटाकडे बघितलं आणि म्हणाला, "पाणी थांबवा."

लोक चपापले. गव्हाचं शेवटचं पाणी होतं ते. ज्याची पाळी चुकेल त्याची ओंबी पोकळ राहणार. "कुणाच्या पाळीत थांबवायचं?" पाटकऱ्याने विचारलं.

"आता कुणाची आहे?"

खालच्या पायरीवरून अनसूया उठली. पाळी तिची होती. तिचा गहू घोटाभर चिखलाची वाट बघत उभा होता. तिने तोतारामकडे बघितलं. छत्तीस वर्षांत तिने त्याच्याकडे सरळ कधी बघितलं नव्हतं.

"माझी आहे," ती म्हणाली. "जाऊ दे. लावा बाऱ्या."

वरून फळी पडली, खालून फळी पडली. मधलं पाणी हललं, डुचमळलं आणि हळूहळू निजलं. वारा पडला. असं म्हणतात, त्या रात्री बेडकांनी उडी मारली नाही आणि एकही कुत्रं भुंकलं नाही. आणि सगळं आकाश खाली येऊन पाटात बसलं, काठोकाठ.

उखर्डू तोतारामच्या शेजारी काठावर बसला. "हा गुरू," तो म्हणाला. "आणि त्याच्या मागे ही, आत्ता येतेय ती, चित्रा."

तोतारामने कितीतरी वेळ बघितलं. मग त्याने हात पुढे केला आणि बोट चित्रेला लावलं. चांदणी फुटली. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मोडली?"

"नाही. थांबा. येते परत."

पाणी निवळलं. चांदणी परत जागेवर येऊन बसली. तोताराम रडत होता की नाही ते अंधारात कुणाला दिसलं नाही. पाण्यात दोन-तीन बारीक वर्तुळं उठली, एवढंच लोकांनी बघितलं.

उखर्डू पुढे शिकवत गेला. त्याचा आवाज भरात आला होता. "आणि ही इकडे, पिवळसर, मोठी, ही स्वाती."

"स्वाती?" तोताराम म्हणाला. त्याने आणखी वाकून बघितलं. "नाही रे. स्वाती कसली? हा आमच्या आळीतला दिवा आहे. माझ्या सुनेने ओट्यावर ठेवलाय, मी पडू नये म्हणून."

मग उखर्डू हसायला लागला. आजवर कुणी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं. तो हसत हसत काठावर आडवा झाला, डोळे पुसत म्हणाला, "बरोबर. दिवाच आहे. तोतारामभाऊ, आता मी चुकलो तरी चालेल."

पहाटेपर्यंत शिकवणी चालली. मग उखर्डू उठला, अंगावरची घोंगडी काढून तोतारामच्या खांद्यावर घातली आणि म्हणाला, "भावाला सांगून येतो." तो पाटाच्या कडेने वर चालत गेला. कुणी म्हणतं, बंधाऱ्यापर्यंत गेला. कुणी म्हणतं, नदी धरून डोंगरापर्यंत गेला, आणि पुढेही त्याची पावलं होती. तो परत आला नाही.

सकाळी बाऱ्या उघडल्या. थांबलेलं ते पाणी अनसूयेच्या शेतात गेलं. असं म्हणतात, त्या वर्षी तिच्या गव्हाची एकही ओंबी पोकळ राहिली नाही, आणि कापणीपर्यंत रात्री तिच्या शेतातून जायला दिवा लागायचा नाही.

तेव्हापासून धामणदरला माघाच्या अमावास्येला एक पाळी कुठल्याच शेताला देत नाहीत. दोन्ही बाऱ्या लावतात, गावातले दिवे मालवतात आणि पाटाचं पाणी निजू देतात. त्याला उखर्डूचं पाणी म्हणतात. आता वीज आली, तरी त्या रात्री खांबावरचे दिवे बंद असतात. शहरातून दुर्बीणवाले येतात, शिक्षक येतात, ज्यांचं इथे कुणी नाही असेही येतात. एकटा आलेल्याला सगळ्यात पुढे, पाण्याजवळ बसवतात. आधी सगळ्यांनी पाण्यात बघायचं, मग वर.

आणि त्या रात्री जो शिकवायला बसतो त्याने एक चांदणी मुद्दाम चुकीची सांगायची. कुठली, ते आधी कुणाला सांगायचं नाही. ती चूक कुणीतरी धरेपर्यंत बाऱ्या उघडत नाहीत आणि कुणी उठत नाही. कधी लगेच धरतात. कधी फार वेळ लागतो. मग सगळे गप्प बसून वर बघत राहतात, थंडी वाढत जाते, शिकवणारा एकटा वाट बघत असतो. शेवटी अंधारातून कुणाचातरी आवाज येतो, म्हाताऱ्याचा, बाईचा, परगावच्या कुणाचा. "नाही हो," तो म्हणतो, "ती नव्हे."

मग पाणी सोडतात.